उन्हाळ्यात वाजलेली गोष्ट

टोरांटो
११ नोव्हेंबर १९८७

प्रिय फिलोमीन मावशी,

"बर्फ पडू दे, मग सांगते," असं तू मला म्हणाली होतीस. मी नऊ वर्षांची होते. जुलै महिना होता, आपण ब्लूबेरी तोडायला गेलो होतो, आणि मी मोठ्या कातळावर पालथी पडून त्या लांब कानांच्या चित्रावरून बोट फिरवत विचारलं होतं, "मावशी, याचे कान असे का गं?" तू हातातला डबा खालीसुद्धा ठेवला नाहीस. तेवढं एक वाक्य बोललीस आणि पुढच्या झुडपाकडे गेलीस. बर्फ पडायच्या आत बाबांना इथल्या कारखान्यात काम मिळालं आणि आम्ही आपल्या लोकांची वस्ती सोडली.

आता मी चव्वेचाळीस वर्षांची आहे आणि विद्यापीठात बसून त्याच कातळाचा अभ्यास करते. गेल्या उन्हाळ्यात मी काळ्या कापडाखाली शिरून तासन् तास पडून असायचे, तेव्हा लिओना तुला म्हणाली होती ना, "आई, बघ, अर्सुला कातळावर अंडी उबवतेय." ती अंडी फुटली आहेत असं समज. कापडाखाली अंधार करून दिवा अगदी आडवा धरला की उजेड दगडावरून घसरत जातो आणि एरवी न दिसणाऱ्या खाचा सावलीने भरतात. वर पारदर्शक प्लास्टिक पसरून मी त्या गिरवते. असं गिरवताना कळलं की ते कान एकदाच कोरलेले नाहीत. वेगवेगळ्या काळात, वेगवेगळ्या हातांनी, दगडाने दगड ठोकून ते पुन्हा पुन्हा खोल केलेत. पिढ्यान् पिढ्या कोणीतरी यायचं आणि फक्त कान खोल करून जायचं. तोंड मात्र कोणीच काढलं नाही.

असं का? माझ्याकडे खाचांची मापं आहेत. गोष्ट तुझ्याकडे आहे, आणि वस्तीत ती सांगणारी आता तू एकटीच आहेस. मला लिहून पाठवशील? सोबत तंबाखूची पुडी ठेवली आहे. गोष्ट मागताना तंबाखू द्यायची आपली रीत विसरलेले नाही.

तुझी,
अर्सुला


बर्च पॉइंट
३० नोव्हेंबर १९८७

अर्सुला बाळा,

तंबाखू पोचली. निम्मी कातळापाशी ठेवून आले. उरलेली शेजारचा आयझॅक ओढून गेला. त्यालाही देवाला काही विचारायचं होतं म्हणे.

गोष्ट पत्रात लिहिणार नाही. आळस म्हणून नाही. पत्र तू पेटीत ठेवशील आणि जूनमध्ये कधीतरी, हाताला काम नाही म्हणून, काढून वाचशील. पत्राला ऋतू कळत नाही. गोष्टीतले ते सगळे हिवाळ्यात झोपतात, म्हणून आपण त्यांच्याबद्दल बोलतो. उन्हाळ्यात ते जागे असतात आणि ऐकतात. तुझ्याच घरच्या भानगडी कोणी तुझ्या तोंडावर चारचौघांत सांगितल्या तर तुला कसं वाटेल? माझी आई सांगायची, उन्हाळ्यात गोष्ट सांगितली तर अंथरुणात बेडूक येतात. लिओना म्हणते, "आई, बेडूक तसेही येतात, तू दार उघडं टाकतेस."

फेब्रुवारीत ये. शनिवारी संध्याकाळी सभागृहात मुलं जमतात, त्यांना मी सांगते. पूर्वी त्यांच्या आयाही बसायच्या. आता मुलांना सोडतात आणि बिंगो खेळायला जातात. पण मुलं येतात. माझ्यानंतर कोण सांगणार, हा विचार मी करत नाही. तूही माझ्यासमोर करू नकोस.

शहरातले बूट आणू नकोस. गेल्या वेळी तुला गाडीपासून घरापर्यंत पोत्यासारखी आणावी लागली होती.

मावशी


टोरांटो
३ मार्च १९८८

प्रिय मावशी,

सुखरूप पोचले. तू दिलेला धुरावलेला मासा मी बसमध्ये उघडला, तशी शेजारची बाई उठून मागे गेली. मग मी ऐसपैस, दोन्ही जागांवर पाय पसरून झोपले.

त्या शनिवारबद्दल मला नीट लिहिता येत नाही. चूल धडधडत होती, मुलांचे ओले मोजे दोरीवर वाळत होते, आणि तू सांगत होतीस. सगळ्यात धाकटी मुलगी तुझ्या पायावरच बसली होती. माझा टेपरेकॉर्डर पाहून तू आधी मान फिरवलीस. मी म्हटलं, "माझ्यासाठीच गं, अभ्यासापुरता." तू म्हणालीस, "बर्फ असेपर्यंत ऐक, मग गुंडाळून ठेव." मी हो म्हटलं.

परवा खोलीचं दार लावून मी टेप सुरू केली आणि गोष्ट ऐकता ऐकता प्लास्टिकवरच्या रेघांवरून बोट फिरवत गेले. मावशी, माझ्या अंगावर काटा आला. उन्हाळ्यात चित्र दिसतं, तेव्हा गोष्ट सांगायची नाही. हिवाळ्यात गोष्ट सांगायची, तेव्हा चित्र बर्फाखाली. ही दोन्ही समोरासमोर कोणी कधी ठेवलीच नसतील. मी ठेवली. कान खोल का होत गेले ते मला समजलं. इथे लिहीत नाही, मार्च असला तरी. इतकं मोठं काही एकटीला मिळालं की ते कोणाला तरी दाखवावंसं वाटतं.

कातळावर छप्पर आणि काचा बसवण्याचं काम ज्यांच्याकडे आहे, ते सरकारी उद्यानाच्या कार्यालयातले साहेब इथे येऊन गेले. त्यांनीही थोडं ऐकलं. तुझा आवाज त्यांना फार आवडला.

लिओनाला सांग, तिचे बूट परत पाठवते.

तुझी,
अर्सुला


बर्च पॉइंट
२० एप्रिल १९८८

अर्सुला बाळा,

मेपलचा रस आटवून झाला. यंदा साखर काळी पडली. लिओनाने जाळ मोठा केला आणि वर मलाच म्हणते, "काळी जास्त पौष्टिक असते." तुला एक डबा ठेवलाय.

काल पहिला बेडूक ओरडला. म्हणजे आमचं दुकान बंद. मुलांना सांगितलं, आता पुढच्या बर्फाला. धाकटी रडली. रडू दे. तिला वाट बघायला काहीतरी हवं.

त्या साहेबांना माझा आवाज आवडला हे वाचून मी आरशासमोर जाऊन दोन शब्द बोलून पाहिले. मला काही खास वाटला नाही.

टेप गुंडाळून ठेवलीस ना? तेवढं कळव.

मावशी


टोरांटो
९ जून १९८८

प्रिय मावशी,

तुझं पत्र एप्रिलमध्येच मिळालं होतं. कामात फार अडकले होते, रागावू नकोस.

इथे उकाडा सुरू झालाय. गॅलरीत टोमॅटो लावलेत. खारी त्यांना पिकू देतील असं वाटत नाही.

छपराचं काम पूर्ण झालं. काचेतून उजेड छान येतो, आता पावसाने दगड झिजणार नाही. एक जुलैला लोकांसाठी उघडणार आहे. भाषणं होतील, गर्दी असेल, डास तर विचारू नकोस. तू उगाच त्रास घेऊ नकोस, तुझे गुडघे दुखतात. मी शरदात येईन, तेव्हा आपण दोघीच निवांत जाऊ.

साखरेचा डबा लिओनाला उघडू देऊ नकोस.

तुझी,
अर्सुला


बर्च पॉइंट
२४ जुलै १९८८

अर्सुला,

डास फारसे नव्हते.

मी जाणार नव्हते. पण लिओना म्हणाली, "चल आई, आपल्याच कातळावर पाहुण्यांसारखं जाऊ, मजा येईल." दारावरची मुलगी म्हणाली, "तुम्ही इथल्याच ना? तुम्हाला तिकीट नको." लिओना म्हणाली, "छे, आम्ही फ्रान्सहून आलो." मी हसतच आत गेले.

आत गार होतं. कातळाभोवती कठडा केलाय, लोक त्यावर रेलून बघत होते. आपल्या वस्तीतल्याही दोघीतिघी मुलांना घेऊन आल्या होत्या. मग एका बाईने कठड्यावरचं एक बटण दाबलं आणि मी बोलायला लागले.

आधी मला वाटलं की माझ्याच तोंडून निघतंय. मी हाताने तोंड दाबलं. तरी मी बोलतच होते. मध्ये माझा फेब्रुवारीतला खोकलासुद्धा आला. लिओना धावली आणि बटण दाबत सुटली, पण ते थांबेना. थांबवायची सोयच नाही त्याला, एकदा सुरू झालं की शेवटापर्यंत. ती बाई नवऱ्याला म्हणाली, "किती गोड म्हातारी आहे. जिवंत असेल का अजून?" लिओना म्हणाली, "आत्तापर्यंत होती."

मुलांनी माझा आवाज ओळखला. ती धाकटी, माझ्या पायावर बसते ती, माझा स्कर्ट ओढून म्हणाली, "आजी, आत्ता उन्हाळा आहे ना?" तिची आई तिला हाताला धरून बाहेर घेऊन गेली. मला काही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

आपल्या लोकांनी इतकी वर्षं कातळावरच्या त्याला तोंड कोरलं नाही. तू त्याला माझं तोंड लावलंस.

मी रागावलेली नाही. लाज वाटते आहे, आणि ती कशाकशाची आहे ते शोधत बसले आहे. त्या बाईने गोड म्हटलं तेव्हा मला क्षणभर बरं वाटलं होतं. हे लिओनालासुद्धा सांगितलेलं नाही.

टेप त्यांनी तुझ्याकडून चोरली का? तसं असेल तर लिही. मी सगळ्यांना सांगेन.

फिलोमीन


टोरांटो
२ ऑगस्ट १९८८

मावशी,

चोरली नाही. मी दिली. कागदावर सहीही केली, मे महिन्यात. जूनच्या पत्रात टोमॅटोंबद्दल लिहीत होते तेव्हा मला हे सगळं माहीत होतं. तू जाऊ नयेस म्हणून तुझ्या गुडघ्यांची काळजी केली.

मी स्वतःची समजूत कशी घातली ते सांगते. मी म्हटलं, मावशीने गोष्ट सांगितली ती फेब्रुवारीत, बर्फ असताना. सांगणं तेव्हाच झालं. यंत्र नवं काही सांगत नाही, झालेलंच पुन्हा वाजवतं, त्यामुळे नियम मोडत नाही. बाहेरच्या माणसाला ही पळवाट सापडली नसती, कारण त्याला बर्फाचं कारणच कळलं नसतं. मला नियम पाठ होता म्हणून ती सापडली.

लोक काचेआड उभे राहून त्याला ससा म्हणून हसतील, हे मला सहन होत नव्हतं. हे खरं आहे, पण एवढंच खरं नाही. माझं पुस्तक यायचं होतं. चित्र आणि गोष्ट पहिल्यांदा एकत्र आणणारी म्हणून माझं नाव व्हायचं होतं. तुझं पत्र आल्यापासून मी पुस्तकातल्या त्या प्रकरणाकडे बघितलेलं नाही.

कार्यालयाला रोज फोन करते. ते म्हणतात, पत्रकं छापून झाली, हंगाम संपेपर्यंत काही करता येणार नाही. मी भांडले. पण सही माझीच आहे, मग आवाज किती चढवणार?

काहीही लिही. शिव्या लिही.

अर्सुला


बर्च पॉइंट
१६ ऑक्टोबर १९८८

अर्सुला,

मी लिओना. आई लिहीत नाही म्हणून मी लिहिते. तुझी पत्रं ती वाचते आणि घडी करून उशीखाली सारते. मला दाखवत नाही. बेडकांना दाखवत असेल.

कातळावरचा तो बोलणारा डबा बंद झाला. तुझ्या फोनांमुळे नाही, हंगाम संपला म्हणून. तुला उगाच बरं वाटू नये म्हणून सांगितलं.

तुला जे सांगायला बसले ते असं. ऑगस्टच्या शेवटी सभागृहात बैठक झाली. विषय तोच. एक जण उठून म्हणाला, "शहरातून भाची आली आणि म्हातारीला फसवून गेली. तिला परत वस्तीत पाऊल ठेवू देऊ नये." बऱ्याच जणांनी माना हलवल्या. आणि आई उठली. म्हणाली, "तिने मला विचारलं होतं. उन्हाळ्यात वाजवू का, असं स्पष्ट विचारलं होतं. मीच हो म्हटलं. लोकांनी माझा आवाज ऐकावा असं मला वाटलं." आणि बसली.

मी शेजारी होते. माझ्या आईला खोटं बोलताना मी जन्मात पाहिलं नव्हतं. आणि काय सफाईने बोलली! मला चारदा शपथ घालून सांगितलंय की तोंड उघडायचं नाही. सभेत मी गप्प बसले. तुला लिहायचं नाही, हे मात्र ती म्हणाली नव्हती.

लोक तिच्याशी नीट वागतात. मासे आणून देतात, आयझॅकने लाकडं फोडून दिली. पण यंदा शनिवारी मुलं यायची नाहीत. कोणी तसं ठरवलं नाही, पण ठरलंय. मी आईला म्हटलं, मी जाऊन बोलते एकेकीशी. ती म्हणाली, "नको. माझ्या तोंडाला आता ऋतू राहिलेला नाही."

तू धावत येऊन सभेत काही बोलशील, हा विचार सोड. घरातलं मोठं माणूस उभं राहून "हिला बोलायचं आहे" असं म्हणेपर्यंत इथे तुला कोणी ऐकणार नाही, हे तुला माहीत असेलच. आपल्या घरात मोठी तीच. ती उभी राहणार नाही.

मी तुझ्यावर भयंकर चिडलेली आहे. साखरेचा डबा मी संपवला.

लिओना


टोरांटो
२७ नोव्हेंबर १९८८

प्रिय फिलोमीन मावशी,

लिओनाने मला सगळं लिहिलं. तिला रागावू नकोस. तू घातलेली शपथ तिने मोडलेली नाही, फक्त तिच्यातली पळवाट शोधली. आमच्या पिढीला तेवढंच चांगलं जमतं.

इथलं आधी सांगते. मी कार्यालयात स्वतः गेले. टेप देण्याचा मला हक्क नव्हता, मावशीने दुसऱ्याच अटीवर टेप करू दिलं होतं, असं त्यांच्या साहेबांसमोर सांगितलं. त्यांनी यंत्र काढलं. टेप माझ्याकडे आली आहे, ती तुझ्याकडे घेऊन येते. तू जाळ किंवा ठेव. पुस्तकातून ते प्रकरण काढलं. आता त्यात खाचांची मापं आहेत, कोणत्या खाचेवर कोणती खाच आली ते आहे, आणि कान का खोल होत गेले त्याबद्दल एवढंच आहे की हे त्या लोकांना ठाऊक आहे आणि ते हिवाळ्यात सांगितलं जातं. माझ्या विभागप्रमुखांनी वाचून विचारलं, "एवढंच?" मी म्हटलं, "एवढंच."

आणि मावशी, हे करताना मला काहीच त्रास झाला नाही. उलट लोक म्हणाले, किती प्रामाणिक आहेस. एका बाईंनी तर माझा हात हातात घेतला. मी तिथे उभी राहून ते सगळं ऐकून घेतलं, मान खाली घालून, जशी चांगली माणसं घालतात. मग घरी येऊन लिओनाचं पत्र पुन्हा वाचलं. इथे खरं बोलून मी चांगली ठरते आहे, आणि तिथे तू खोटं बोलून वाईट ठरली आहेस. माझ्या वाट्याची जी मान खाली जायची, ती तुझी गेली. त्या दिवसापासून कोणी मला चांगलं म्हटलं की मी विषय बदलते.

तू माझ्यावर रागावशील, हे मी धरून चालले होते. मला तोडशील, तेही. मला वाचवशील असं मनात आलं नव्हतं. तू का उठलीस ते कळतं मला. मला वस्तीत परत यायला जागा राहावी म्हणून. माझी आई गेली तेव्हाही तू सगळ्यांसमोर म्हणाली होतीस की हे घर अर्सुलाचंही आहे. पण माझी ती जागा राखायला तू शनिवार देऊन टाकलास. तो तुझा एकटीचा नव्हता. त्या धाकटीचाही होता, आणि तिला तू एप्रिलमध्ये वाट बघायला लावलं आहेस.

हिवाळ्याची पहिली सभा दहा डिसेंबरला आहे, असं मी वस्तीतल्या दुकानात फोन करून विचारून घेतलं. मी येते आहे. मागच्या बाकावर बसेन. मला तुझ्याकडे काही मागायचं आहे, आणि मागताना माझी मला लाज वाटते, कारण पुन्हा एकदा मी तुझ्याकडून काहीतरी घ्यायलाच निघाले आहे.

तू उभी राहा आणि म्हण, "माझ्या भाचीला बोलायचं आहे." एवढंच. पुढचं मी बोलेन.

मी बोलले की तू सभेत खोटं बोललीस हे सगळ्यांना कळेल. तुझ्या वयाच्या बाईला, त्याच बाकांसमोर, ते काय असेल याचा मी विचार केला नाही असं समजू नकोस. गेले कितीतरी दिवस मी दुसरं काही करत नाही. पण भाचीला वाचवायला खोटं बोललेल्या म्हातारीकडे लोक आपली मुलं पाठवतील. उन्हाळ्यात वाजवा असं सांगणाऱ्या म्हातारीकडे नाही पाठवणार. मला परत येऊ देणार नाहीत, ते मी सोसेन. मी शहरात राहायला सरावले आहे. तू गोष्ट न सांगता राहायला सरावणार नाहीस.

तू नाही म्हणशील. "बस खाली, चहा घे" म्हणशील. सभेत माझ्याकडे बघणारसुद्धा नाहीस, मांडीवर हात ठेवून भिंतीकडे बघत बसशील, आणि लिओना तुला कोपर मारत राहील. हे सगळं मला इथून दिसतंय, आणि तरीही तुझ्याशिवाय हे मागायला माझ्याकडे दुसरं कोणी नाही.

उभी राहा, मावशी.

तुझी,
अर्सुला